दुसऱ्या मजल्यावरची गादी

मेहरूणच्या नेमिनाथ शॉपिंग सेंटरचं कौतुक करायचं तर आधी हे कबूल करायला हवं, की ते पावसाळ्यात गळायचं आणि उन्हाळ्यात माणसांना भाजून काढायचं. तरीही निर्मलशेठना त्याच्याविषयी कुणी वावगं बोललेलं खपत नसे. त्यांचे वडील रतिलालजी मारवाडातून आले, तेव्हा पाठीवर कापडाचा गठ्ठा बांधून त्यांनी सातपुड्याच्या पायथ्याची गावं पायी तुडवली होती. पुढे जळगावच्या कडेला, मेहरूणच्या बाभळीत, कुणीतरी दुकानांची एक ओळ बांधायला काढली आणि रतिलालजींनी त्यातलं कोपऱ्यातलं दुकान घेतलं. लोक म्हणाले, शेठचं डोकं फिरलं, तिथे कापड घ्यायला काय कोल्हे येणार? रतिलालजींनी कुणाशी वाद घातला नाही. दुकानासमोर एक निंब लावला आणि आत पांढरीशुभ्र गादी अंथरली. कोल्हे काही आले नाहीत, पण निंब मोठा झाला आणि गिऱ्हाइकं येऊ लागली.

ही गिऱ्हाइकं यायची ती मुख्यतः बस्त्याला. लग्न ठरलं की बस्ता बांधायचा, म्हणजे नवरा-नवरीपासून ते मामा, मावश्या आणि रुसायला टपलेल्या आत्यांपर्यंत सगळ्यांचं कापड एकाच दुकानातून, एकाच बैठकीत घ्यायचं. त्यासाठी अख्खी भावकी जीप भरून येते. चपला बाहेर, माणसं गादीवर आणि मध्ये लुगड्यांचा ढीग. दुपारचं जेवण दुकानदाराकडे. निर्मलशेठकडे ते जेवण त्यांच्या बायकोच्या, तारादेवींच्या स्वयंपाकघरातून यायचं. तारादेवी त्याला दाल-बाटी म्हणत, गिऱ्हाइकं वरण-बट्टी म्हणत. जैनाघरचा स्वयंपाक, त्यामुळे त्यात कांदा-लसूण नसे. जेवण झालं की एखादी म्हातारी हमखास सांगायची, बट्टी झकास झाली, फक्त लसूण राहिला. तारादेवी हसून म्हणायच्या, पुढच्या वेळी बघू. ही पुढची वेळ काही आजवर आलेली नव्हती.

मग एके दिवशी स्लॅबचा एक भलामोठा पोपडा सुटला आणि शेजारच्या स्टेशनरीवाल्याच्या चहात पडला. चहा अंगावर उडाल्यावर लोकांना अक्कल आली. इतकी वर्षं नुसती चाललेली पुनर्बांधणीची चर्चा एकदम खरी झाली. समिती बसली. निर्मलशेठ सगळ्यांत ज्येष्ठ, म्हणून ते अध्यक्ष झाले. अध्यक्षपद त्यांना मनापासून आवडलं. ते रोज इस्त्रीचा सदरा घालून बैठकीला जात आणि बिल्डरला अशा काही शंका विचारत, की तो बिचारा घाम पुसत राही. दोन गोष्टी त्यांनी हट्टाने मंजूर करून घेतल्या. एक, निंबाला हात लावायचा नाही. दोन, नव्या इमारतीत आवारात उभं राहून गिऱ्हाईक ओढायचं नाही, कारण जुन्या सेंटरात या ओढाओढीवरून वर्षातून दोन-तीनदा तरी जुंपायची.

नव्या इमारतीत कुणाला कुठलं दुकान, यासाठी चिठ्ठ्या काढायचं ठरलं. तळमजला सगळ्यांनाच हवा होता. निर्मलशेठ उभे राहिले आणि म्हणाले, "अध्यक्षाने शेवटची चिठ्ठी घ्यावी. उद्या कुणी बोट दाखवायला नको." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेवटची चिठ्ठी निघाली ती दुसऱ्या मजल्यावरच्या दुकानाची. सगळ्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"निंब वाचवला, नियम केला, सगळ्या जगाचं केलं," तारादेवी त्या संध्याकाळी ताट वाढताना म्हणाल्या. "स्वतःच्या दुकानासाठी एक शब्द टाकायचा तेवढा राहिला."

"अध्यक्ष होतो मी," शेठ म्हणाले.

"होतात खरे," तारादेवी म्हणाल्या आणि त्यांनी आणखी एक फुलका वाढला.

बांधकाम चाललं होतं तोवर सगळी दुकानं बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडमध्ये होती, आणि तो काळ बरा गेला. निंब जवळच होता, गादी जमिनीवर होती, गिऱ्हाईक वाट चुकत नव्हतं. खरी पंचाईत नवी इमारत उभी राहिल्यावर झाली. निळ्या काचा, चकाचक फरशी, लिफ्ट, दाराशी निळ्या गणवेशातला छगन वॉचमन. निर्मलशेठचा मुलगा रोनक याने दुकान अगदी मन लावून सजवलं. काचेचे काउंटर, उंच गोल स्टुलं, छतातून डोकावणारे दिवे. गादीला जागाच उरली नाही. ती गुंडाळून मागच्या कोठीत उभी केली गेली. दुपारी दुकान शांत असलं की निर्मलशेठ कोठीत जाऊन त्या गुंडाळीवरून हात फिरवून येत. रोनकला ते दिसे.

तुरळक विक्री होत होती. कॉलेजच्या मुली ओढण्या घेत, कुणी सूटपीस घेई. पण लग्नसराई सुरू झाली तरी एकही बस्ता वर आला नाही. का येत नाही, हे निर्मलशेठ रोज डोळ्यांनी बघत होते. खाली जीप थांबायची. माणसं उतरायची, निंबाखाली जमायची, वर काचांकडे बघायची. ओळखीचं दुकान कुठे दिसेना म्हणून आपसांत काहीतरी बोलायची आणि पुन्हा जीपमध्ये बसून जुन्या बाजाराकडे निघून जायची. निर्मलशेठ वरून हात हलवत. पण त्या काचा अशा, की आतलं माणूस बाहेरून दिसत नाही, आणि त्या उघडतही नाहीत. एकदा न राहवून ते खाली गेले आणि निंबाखाली उभे राहून एका ओळखीच्या म्हाताऱ्याला हाक मारली. लगेच तळमजल्यावरचा साडीवाला बाहेर आला. तो म्हणाला, "शेठजी, आवारात गिऱ्हाईक ओढायचं नाही, नियम आहे. तुमचाच आहे." शेठ मुकाट्याने लिफ्टमध्ये शिरले. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

अशात एक मोबाईल कंपनी शोरूमसाठी जागा शोधत आली. त्यांना दुसरा मजला चालत होता. त्यांच्या माणसाने दुकान पाहिलं, भाड्याचं बोलला आणि विचार करा म्हणून कार्ड ठेवून गेला. रोनकने ते कार्ड खूप दिवस खिशात ठेवलं. एक दिवस धीर करून त्याने ते वडिलांसमोर ठेवलं.

"पप्पा, मला दुकान बंद करायची हौस नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही असे काचेशी उभे असता ना, ते मला बघवत नाही."

निर्मलशेठनी कार्ड उलटसुलट करून बघितलं. मुलगा वाईट बोलत नव्हता, हे त्यांना कळत होतं आणि म्हणूनच जास्त लागत होतं.

"आखाजीपर्यंत थांब," ते शेवटी म्हणाले. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, लग्नसराईतला मोठा मुहूर्त. "आखाजीच्या आत या गादीवर एक तरी बस्ता बांधला गेला, तर दुकान राहील. नाही बांधला, तर त्या माणसाला बोलव. मी सही करीन आणि पुन्हा हा विषय काढणार नाही."

"गादीवरच?" रोनकने विचारलं.

"बस्ता काय स्टुलावर बसून बांधतात?" शेठ म्हणाले.

दिवस भराभर गेले. आखाजीचा आदला दिवस उजाडला. ऊन असं, की निंबाखालचं कुत्रंसुद्धा जागचं हलत नव्हतं. मोबाईल कंपनीचा माणूस संध्याकाळी येणार होता. निर्मलशेठनी सकाळीच इस्त्रीचा सदरा घातला. सही करायची तर नीटनेटकं करावी, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुपार टळत असताना निंबाखाली एक जीप येऊन थांबली. तीतून यावलच्या वरच्या अंगाचा, डोंगराला टेकलेल्या गावचा कुवरसिंग उतरला. त्याच्या मागून त्याची आत्या उषाफुई, आणखी बायका, पोरं आणि पुढच्या सीटवरून त्याचे वडील सुकलाल आबा. आबांचं धोतर पांढरं, सदरा पांढरा, डोक्याला पांढरं फडकं. निर्मलशेठनी वरून ओळखलं. त्यांच्या पायांना ओढ लागली, पण नियम आठवला. ते काचेला नाक लावून उभे राहिले.

खाली कुवरसिंग जुन्या बाजाराला चला म्हणत असावा, कारण तो जीपकडे हात करत होता. पण सुकलाल आबा निंबाला पाठ टेकून चक्क बसले. आबांनी काठीने निंबाच्या बुंध्यावर दोनदा ठोकलं, मग त्याच काठीने इमारत दाखवली. छगन वॉचमन त्यांच्याशी काहीतरी बोलला, वर बोट केलं. मंडळी उठली आणि दारातून आत दिसेनाशी झाली.

निर्मलशेठ दुकानाच्या दारात येऊन उभे राहिले. लिफ्टवरचा आकडा हलेचना. खाली काय चाललंय कळेना. मंडळी परत तर नाही फिरली? त्यांनी लिफ्टचं बटण दाबून बघितलं. शेवटी लिफ्ट वर आली, उघडली, आणि आतून सगळी वरात अनवाणी बाहेर पडली.

"दुकान वर चढी गयं का शेठ?" सुकलाल आबांनी विचारलं.

"चढलं आबा. या, या. पण हे पाय असे? चपला कुठे?"

"खाले," उषाफुई म्हणाली. "फरशीमा त्वांड दिखस. तठे चप्पल घालीसन कसं चालानं? बठ्ठास्नी खालेच काढ्यात."

दुकानात जाताना चपला बाहेर काढायच्या, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. दुकान कुठून सुरू होतं, एवढाच प्रश्न होता. तो त्यांनी आपल्या मनाने सोडवला होता, की जिथून एवढी चकचकीत फरशी लागते तिथूनच निर्मलशेठचं दुकान लागतं. अख्खी इमारत शेठची झाली असणार, असं कुवरसिंगला वाटलं होतं आणि त्याला त्याचा आनंदही झाला होता.

आत येऊन मंडळी काउंटरसमोर घुटमळली. एका बाईने स्टुलावर बसून बघितलं आणि ते फिरलं तशी किंचाळत खाली उतरली. सुकलाल आबा नुसते उभे होते. निर्मलशेठ रोनककडे बघत होते. रोनकने स्टुलं उचलून बाहेर नेली, दोन काउंटर भिंतीला सारले आणि कोठीतून लोड आणि गादी आणून ती मधोमध उलगडली. तिला बंद खोलीचा वास येत होता. सुकलाल आबा मध्ये, लोडाला टेकून बसले. "हां," ते म्हणाले. निर्मलशेठच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि ते लपवायला त्यांनी तारादेवींना फोन लावला.

"बाटी लाव," ते म्हणाले.

"किती माणसं?" तारादेवींनी विचारलं.

"भरपूर लाव."

इकडे खाली वेगळीच गंमत झाली. तारादेवींच्या शेजारी राहणाऱ्या चेलनाबाई इमारतीत इस्त्रीचे कपडे न्यायला आल्या होत्या. त्यांनी लिफ्टसमोर चपलांचा ढीग पाहिला. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे जैनांमध्ये वर्षभराच्या तपाची पारणी, उपवास सोडण्याचा दिवस. त्या निमित्ताने महाराजसाहेब, म्हणजे पांढऱ्या वस्त्रांतले जैन साधू, पायी विहार करत जळगावला येणार, अशी कुणकुण गावात होतीच. एवढ्या चपला एकाच जागी काढलेल्या म्हटल्यावर चेलनाबाईंना दुसरं काय सुचणार? त्यांनी तिथल्या तिथे मोबाईल काढला आणि महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, की महाराजसाहेब नेमिनाथमध्ये दुसऱ्या मजल्यावर पधारले आहेत. मग स्वतःच्या चपला त्या ढिगाशेजारी नीट जोडून ठेवल्या, डोक्यावर पदर घेतला आणि लिफ्टमध्ये शिरल्या.

दुकानाच्या दारात येऊन त्यांनी आत पाहिलं. पांढरी गादी, गादीवर पांढऱ्या वस्त्रांतले शांत वृद्ध पुरुष, भोवती जमिनीवर बसलेली माणसं. चेलनाबाईंचे हात आपोआप जोडले गेले. सुकलाल आबांना आयुष्यात बऱ्याच लोकांनी हात जोडले होते, त्यामुळे त्यांना नवल वाटलं नाही. त्यांनी हात वर करून म्हटलं, "सुखी ऱ्हाय, माय." तेवढ्यात आबांच्या मांडीवरून कुणीतरी गुलाबी लुगडं सरकवलं आणि चेलनाबाईंना आपली चूक कळली. पण तोवर मागून लिफ्ट पुन्हा उघडली होती आणि मंडळाच्या बायका पदर सावरत येत होत्या.

एकदा अनवाणी होऊन, हात जोडून दारात उभं राहिल्यावर तसंच मागे फिरणं कुणालाही अवघड. त्यात उद्या पारण्याला साड्या द्यायच्या असतातच. चेलनाबाई गादीच्या कडेला टेकल्या. मग बाकीच्या टेकल्या. निर्मलशेठनी एक थान उचललं आणि मनगटाच्या झटक्याने असं फेकलं, की ते गादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एका दमात उलगडत गेलं. हा झटका त्यांना कित्येक महिन्यांत मारायला मिळाला नव्हता.

उषाफुईची कापड पारखायची स्वतःची रीत होती. ती पदर गालावर घासून बघायची. गालाला टोचलं की बाजूला. चेलनाबाई थोडा वेळ बघत राहिल्या, मग त्यांनीही एक साडी गालाला लावली आणि उषाफुईपुढे धरली.

"हाई नको," उषाफुई म्हणाली. "हाई धुवावर आखडी."

"मग कुठली घेऊ?" चेलनाबाईंनी विचारलं. त्यानंतर मंडळाच्या बायकांनी रोनकला काही विचारलंच नाही. सगळ्या उषाफुईला विचारत होत्या. खाली ढीग वाढतच होता. रस्त्यावरून जाणाऱ्यांपैकी कुणाला वाटलं भंडारा आहे, कुणाला वाटलं सत्यनारायण. छगन वॉचमनही सगळ्यांना सांगत होता, "वर जा, वर जा." एवढी गर्दी इमारतीने अजून पाहिली नव्हती आणि त्याला ती आवडली होती. तळमजल्यावरचा साडीवाला दारात येऊन उभा राहिला, पण चपलांनी गिऱ्हाईक ओढू नये, असा काही नियम नव्हता.

तारादेवी डबे घेऊन आल्या. सगळे जेवले. उषाफुई बोटं चाटून म्हणाली, "बट्टी मस्त व्हयनी. लसून ऱ्हायना." तारादेवी म्हणाल्या, पुढच्या वेळी बघू. हे वाक्य आपल्याला पुन्हा म्हणायला मिळेल असं त्यांना वाटलं नव्हतं, म्हणून त्या जरा मोठ्यानेच म्हणाल्या.

ऊन कलल्यावर मोबाईल कंपनीचा माणूस आला. त्यानेही खाली बूट काढले होते. सगळ्यांनी काढलेत, तर आपणच कसे घालून जायचे? तो मोज्यांवर दारात उभा राहिला आणि त्याला पुढे पाय टाकायला जागा मिळेना. निर्मलशेठनी त्याला बघितलं आणि त्यांचा हात थबकला. कापड निवडून झालं होतं, घड्या घालून झाल्या होत्या, मोठं पांढरं फडकं अंथरून झालं होतं. गाठ तेवढी राहिली होती. त्यांनी फडक्याची टोकं हातात घेतली.

सुकलाल आबांनी काठी आडवी केली.

"थांबा शेठ," ते म्हणाले. "मना बस्ता तुमना बापनी बांधेल व्हता. कुवरसिंगना तुम्ही. आते नातूना बस्ता शे. तो हाऊ बांधी." आणि त्यांनी काठी रोनककडे केली.

रोनकने मान हलवली. "आबा, मला येत नाही."

"बठ," आबा म्हणाले.

रोनक गादीवर बसला. लहानपणानंतर तो त्या गादीवर बसलाच नव्हता. निर्मलशेठनी त्याच्या हातात टोकं दिली आणि दाखवलं, आधी ही समोरासमोरची, मग ती दोन, आणि गाठ अशी की वाटेत सुटायची नाही आणि घरी नवरीच्या हाताने सहज सुटेल. पहिल्यांदा गाठ निसटली. बायका हसल्या. दुसऱ्यांदा बसली. तारादेवींनी गाठीला कुंकू लावलं, वर नारळ ठेवला. रोनकने दारातल्या माणसाकडे बघितलं.

"साहेब, माफ करा," तो म्हणाला. "दुकान द्यायचं नाहीये. आत या, बाटी खाऊन जा."

माणूस आत आला. जाताना त्याने बायकोसाठी एक साडी घेतली. ती उषाफुईने गालाला लावून दिली होती.

मंडळी निघाली, तेव्हा खाली चपला ओळखण्याचा गोंधळ बराच वेळ चालला. सुकलाल आबांना त्यांच्या वहाणा सापडल्या, पण दोन्ही डाव्या पायाच्या. शोधाशोध करून एक उजवी मिळाली, ती खुद्द चेलनाबाईंच्या पायातून निघाली. जीप निंबाखालून हलली, तेव्हा बस्ता आबांच्या मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी आखाजी. साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून निर्मलशेठ नेहमीप्रमाणे लवकर दुकानाकडे आले. छगन अजून झाडत होता. आवारात कुणी नव्हतं. लिफ्टसमोर, अगदी मधोमध, रोनकचे पांढरे, महागडे, कुणाला हात लावू न दिलेले बूट नीट जोडून ठेवलेले होते.

निर्मलशेठनी त्या बुटांकडे बघितलं. मग हसले, आपल्या चपला काढल्या आणि त्या बुटांना अगदी खेटून ठेवल्या. फरशी पायांना गार लागत होती. लिफ्टचं बटण दाबून ते अनवाणी उभे राहिले.